सात विती

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि तुमचा सदरा आत्ताच पाठीला चिकटलाय. घाम ओळखीचा आहे, मे महिन्यातल्या रत्नागिरीचा. समोर पिवळा मनोरा, त्यावर घड्याळ, खाली तीन कमानी. मागे बंदराचं संथ पाणी, पुढे तटाच्या आतलं गाव. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना. पूर्ण नाव घ्यायचं तर कार्ताहेना दे इंदियास, म्हणजे इंडियातलं कार्ताहेना. स्पेनमध्ये याच नावाचं एक बंदर आधीपासून होतं, म्हणून १५३३ साली पेद्रो दे एरेदियाने हे गाव वसवल्यावर ओळखीपुरती ही शेपटी जोडली गेली. त्याआधी इथे कालामारी नावाची वस्ती होती. तेच नाव ठेवता आलं असतं, पण जिंकणाऱ्यांना असलं काही सुचत नाही. कोलंबस भलत्याच किनाऱ्याला लागला आणि त्यालाच इंडिया म्हणत राहिला. त्याची चूक शहराच्या नावात उरली, आणि त्याचं स्वतःचं नाव अख्ख्या देशाला मिळालं. चुका कराव्यात तर अशा.

मधल्या कमानीतून आत जा. बाजूच्या दोन पुढे कधीतरी मोकळ्या केल्या. मुळात ये-जा करायची वाट ही एकच. कमान चांगली जाड आहे, आत पाच-सहा पावलांपुरता गारवा आहे. तिथे हवं तेवढं थांबा, कारण पलीकडे बाहेर पडाल तेव्हा १६२२ साल असेल.

ऊन तेच आहे. मागे वळून पाहाल तर मनोरा नाही, घड्याळ नाही. नुसती वेस आणि पलीकडच्या हेत्सेमानी वस्तीकडे जाणारा पूल. समोर चौक. खेचरं, पिंपं, आरडाओरडा. डांबराचा वास, खारवलेल्या मासळीचा वास, लिदीचा वास. आणि या सगळ्यांच्या तळातून वर येणारा चौथा एक, जो तुम्हाला अजून ओळखता येत नाही.

दौत-कागद घेऊन बसलेला कारकून तुम्हाला हटकतो. कुठले? तुम्ही सवयीने सांगता, इंडिया. तो लिहितो, इंदियो. झालं. या गावात त्या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: इथला मूळ रहिवासी, राजाची डोईपट्टी भरणारा. तुमचा रंगही त्याच्या समजुतीत बरोबर बसतो. तुम्ही मान हलवता, तसं नव्हे हो, खरी इंडिया, पूर्वेकडची. मग तो दुसरा शब्द पुढे करतो, चीनो. मनिलाहून मेक्सिकोला जहाजाने येणारे गुलाम बंगालचे असोत, मलबारचे असोत, त्या सगळ्यांना इकडे चीनोच म्हणतात. त्याच्या वहीत तुमच्यासाठी एवढे दोनच रकाने आहेत.

वसईचं नाव काढून बघा. ‘बासाईं’ म्हणताच त्याचा चेहरा खुलतो. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर आहे, त्यामुळे वसई, चौल, गोवा आणि हे कार्ताहेना या घटकेला एकाच धन्याचे. तो धनी, चौथा फेलिपे, माद्रिदला असतो आणि वयाने १७ वर्षांचा आहे. इन्क्विझिशनही दोन्हीकडे आहे: गोव्यात १५६० पासून, इथे १६१० पासून. शेजाऱ्याने शनिवारी चूल पेटवली नाही, एवढी कुजबुजही त्यांना कामाला पुरते. या विषयावर कारकुनाशी फार बोलत बसू नका.

तो चौथा वास आता ओळखू येतो. बंदरात अंगोलाच्या लुआंडाहून आलेलं पोर्तुगीज जहाज लागलंय. आलोन्सो दे सांदोव्हाल नावाचा जेझुइट पाद्री या जहाजांबद्दल लिहितोय; १६२७ मध्ये त्याचं पुस्तक सेव्हियाला छापून निघेल. गळ्यात कडी अडकवून सहा-सहा जणांची माळ आणि पायात दोघांमिळून एक बेडी, असं त्याने टिपून ठेवलंय. गुलामगिरीवर विद्वत्ता पाजळणारे तेव्हाही पुष्कळ होते. जहाजाच्या पोटात उतरून कोण कुठल्या जमातीचं, कुणाची भाषा कुणाला कळते, एवढं विचारणारे फार थोडे.

त्याच्या मागोमाग होडीत चढतोय तो पेद्रो क्लावेर, त्याचा शिष्य, कातालोनियातल्या वेर्दू गावचा, वय ४१. हातात टोपली आहे, तिच्यात लिंबं, तंबाखू, थोडी ब्रँडी. यंदाच ३ एप्रिलला अखेरची शपथ घेताना सहीत त्याने स्वतःला आफ्रिकनांचा कायमचा गुलाम म्हणवून घेतलंय. तुम्ही रुमाल नाकाकडे नेता, तो नेत नाही. जहाजाच्या पोटात अंधार आहे आणि तुम्हाला आधी नुसते डोळे दिसतात. त्यांना वाटतंय, हे गोरे आता आपल्याला मारून आपली चरबी काढणार. तसं नाही, हे आधी समजवावं लागतं, आणि ते काम दुभाषांचं. दुभाषे आफ्रिकेतलेच, स्वतः गुलाम. त्यांचा मालक कोण, तर क्लावेरचंच जेझुइट कॉलेज. अशाच एका दुभाषाने, अंगोलाच्या आन्द्रेस साकाबुचेने, पुढे क्लावेरच्या संतपदाच्या चौकशीत साक्ष दिली. क्लावेरच्या चांगुलपणाची आज आपल्याला जी माहिती आहे, तिच्यातली बरीचशी अशा गुलामांच्या तोंडून आलेली आहे.

क्लावेरने ३,००,००० लोकांना बाप्तिस्मा दिला असं सांगतात. आकडा राहू द्या. मला विचाराल तर या माणसापुढे नुसते हात जोडून निघून जाता येत नाही आणि नाक मुरडूनही जाता येत नाही. कोळपलेल्या तोंडात लिंबू पिळणारा त्या बंदरात तोच होता, आणि त्या तोंडाच्या खालची कडी कुणाच्या हक्काची, हा प्रश्न त्याने धसास लावला नाही. शेवटची काही वर्षं तो अंथरुणाला खिळून होता, गाव त्याला जवळजवळ विसरलं होतं. १६५४ मध्ये गेला, तशी त्याच गावाची खोलीत गर्दी उसळली. १८८८ मध्ये संत झाला. आज त्याच्या नावाच्या चर्चमध्ये वेदीखाली काचेच्या पेटीत त्याचा सांगाडा दिसतो. जुन्या गोव्यात झेवियरचं शव-प्रदर्शन पाहिलेल्या माणसाला तिथे उभं राहणं नवीन वाटणार नाही. दोघं एकाच संघाचे.

होडीतून परत चौकात आलात की कान द्या. माणसं एक नाव दबक्या आवाजात घेतात, बेन्कोस बियोहो. गुलामीतून पळाला, दलदलीपलीकडे लाकडी कुंपणांच्या आड वस्ती उभी केली, इतरांनाही पळवलं. जेरीला येऊन गव्हर्नरने तह केला. मग हा कमरेला तलवार लावून, स्पॅनिश सरदारासारखे कपडे घालून याच रस्त्यांवरून हिंडायचा. ते पाहणं गावातल्या मोठ्यांना किती जड गेलं असेल! तह मोडला, आणि गेल्याच वर्षी, १६२१ मध्ये, त्याला फाशी दिलं.

आता दहा पावलं चाला. शंभराहून जास्त वर्षं सरतील. १७२५.

पोर्तुगीज गेले, आता गुलाम आणण्याचा मक्ता इंग्रजांकडे आहे. साउथ सी कंपनीची वखार इथे आहे. हीच ती कंपनी, जिच्या शेअरच्या फुग्यात ५ वर्षांपूर्वी आयझॅक न्यूटननेही पैसे घालवले. १७१३ च्या करारात लिहिलंय: ३० वर्षं, दरवर्षी ४,८०० ‘पिएसा दे इंदियास’. इंडियाचे ४,८०० नग.

नग म्हणजे माणूस असं समजू नका. हे माप आहे. बघा, चौकात एक काठी उभी केलीय आणि तिच्याशेजारी एक मुलगा. काठीवरच्या खुणा पाल्मोच्या आहेत, आणि पाल्मो म्हणजे आपली वीत, ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सात विती भरल्या, म्हणजे साधारण दीड मीटर, शिवाय वय तरणं, दात शाबूत, दोन्ही डोळे धड, तर एक नग पुरा. उंची कमी पडली, केस पिकले, पोर लहान निघालं, डोळ्यात फूल पडलेलं असलं, की नगातून वजावट. म्हणून कागदावरचा नगांचा आकडा जहाजातून उतरलेल्या माणसांपेक्षा कमीच भरतो, आणि पुढे इतिहासकारांना त्या आकड्यावरून माणसं उलट मोजत बसावं लागतं. मुलगा सहा विती आणि थोडा वर भरला. कारकून लिहितो. थोड्या अंतरावर शेगडीत शिक्का लाल होतोय. डागण्याची ही रीत राजाने १७८४ मध्ये बंद केली, म्हणजे या मुलाला काही तिचा उपयोग नाही.

वीतभर पोटासाठी माणूस काय काय करतो, असं आपल्याकडे म्हणतात. वितीचा हा उपयोग आपल्या म्हणींमध्ये नाही. पण तुमच्या देशाचं नाव मात्र त्या मापाला लावलेलं आहे, ते पुसायला तुमच्याकडे काहीही नाही.

चौकातून निघा. गल्ल्या अरुंद आहेत, कारण दोन्हीकडच्या घरांची सावली एकमेकांना उपयोगी पडावी. लाकडी सज्जे रस्त्यावर आलेले. तटावर चढलात की वारा लागतो. तटाचा दगड हाताने चाचपून बघा: आत पोवळ्यांचे सांगाडे, शिंपल्यांचे ठसे. समुद्रातूनच दगड काढला आणि समुद्रालाच अडवायला उभा केला. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने गाव लुटलं, १,०७,००० डुकात खंडणी घेऊन गेला, अर्धवट बांधलेल्या कॅथेड्रलचाही काही भाग पाडला. त्यानंतर बाउतिस्ता आंतोनेल्ली या इटालियन इंजिनियराने तटाचा आराखडा केला, आणि काम संपलं १७९६ मध्ये. दोनशे वर्षं. एवढा पैसा ओतलाय म्हटल्यावर तो तट इथूनही दिसायला हवा, म्हणून स्पेनचा राजा महालाच्या खिडकीतून दुर्बीण लावून बसला होता, असा किस्सा इथला प्रत्येक गाईड सांगतो. कुठला राजा, ते गाईडगणिक बदलतं.

आता काळोख. २० एप्रिल १७४१, पहाटेच्या आधी. तुम्ही सान लासारो टेकडीच्या पायथ्याशी आहात, आणि या वेळी मी तुम्हाला हल्ला करणाऱ्यांत उभं केलंय. पायाखाली चिखल. खाडीत अॅडमिरल एडवर्ड व्हर्ननचा काफिला, १८६ जहाजं, माणसं २५,००० च्या वर. वरच्या छोट्या किल्ल्यात, सान फेलिपे दे बाराहासमध्ये, मूठभर लोक. आज पर्यटकांना दिसतो तो अवाढव्य डोंगरी किल्ला बहुतेक नंतरचा, आंतोनियो दे आरेवालोने १७६२ पासून वाढवलेला. या रात्री माथ्यावर नुसता एक चौबुरुजी कोट आहे. तुमच्या खांद्यावर शिडी आहे. शेजारचा कण्हतोय, त्याला ताप आहे. डास इतके की तोंड उघडता येत नाही. हे डासच पिवळा ताप पसरवतात हे कळायला अजून दीडशे वर्षं जायचीत, त्यामुळे सगळे हवेला शिव्या देतायत.

वाटाड्या चुकतो. उजाडायला लागतं. तटाला शिडी लावली जाते आणि वरच्या टोकाचा माणूस हात वर करतो, तर बोटं कठड्याला पोचत नाहीत. शिडी तोकडी पडली. दुसरी लावतात, तीही तोकडी. खालच्या खंदकाची खोली कुणी धरलीच नव्हती. वरून गोळ्या सुरू होतात, आणि शिडीवर अडकलेल्या माणसाला वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही.

वसई आठवली ना? दोनच वर्षांपूर्वी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांचा तट सुरुंगांनी फोडून घेतला. तटाखाली सुरुंग लावायचे, त्यासाठी वाट बघायची, माणसं गमवायची आणि तरीही जागचं हलायचं नाही. इथे व्हर्ननला घाई होती, पावसाळा तोंडावर होता, आणि आरमाराचा सेनापती व पायदळाचा सेनापती यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बंदराच्या तोंडावरचे बोकाचिकाचे किल्ले पडताच व्हर्ननने विजयाची बातमी इंग्लंडला धाडली. तिकडे पदकं पाडली गेली, त्यांवर स्पॅनिश सेनापती ब्लास दे लेसो गुडघे टेकून तलवार देताना दाखवला. लेसोला पाय एकच होता. डावा पाय तरुणपणीच्या लढाईत गेलेला, मग डावा डोळा, मग उजव्या हातातली ताकद. पदकावर मात्र त्याला धडधाकट दोन पाय दिलेत. हरवलेल्या माणसाला एवढं तरी द्यावं लागतं.

तापाने इंग्रजांची हजारो माणसं मेली, काफिला परत फिरला. लेसोही वाचला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आजाराने गेला. व्हर्ननबरोबर उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींची जी पलटण आली होती, तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन जिवंत घरी पोचला. त्याने आपल्या शेतवाडीला सेनापतीचं नाव दिलं, माउंट व्हर्नन. पुढे तिथे त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज राहिला. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या घराचं नाव हरलेल्या अॅडमिरलचं आहे, हे तिथे जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात येत असेल?

टेकडी उतरताना घाई करा, कारण पुढची दोन वर्षं उभं राहून बघण्यासारखी नाहीत. ११ नोव्हेंबर १८११: हेत्सेमानीतले कारागीर, त्यांच्या पुढे पेद्रो रोमेरो हा लोहारकाम करणारा मिश्रवंशीय माणूस, पूल ओलांडून आत आले आणि गावातल्या प्रतिष्ठितांकडून स्पेनपासून संपूर्ण स्वातंत्र्याचा जाहीरनामा करवून घेतला. १८१५: पाब्लो मोरियो स्पेनहून फौज घेऊन आला आणि शंभर दिवसांवर वेढा घातला. दोनशे वर्षं खपून शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला तट, त्याने आता अन्न बाहेर ठेवलं. आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, मग उंदीर, मग चामडं. सुमारे ६,००० माणसं मेली. म्हणून या गावाला ‘ला एरोइका’ म्हणतात, वीरांगना. पदवी पोटभर जेवलेल्यांनी नंतर दिली.

आता परत या. तटाच्या टोकाला लास बोव्हेदास, २३ कोठड्या, पूर्वी दारूगोळ्याच्या आणि कैद्यांच्या, आता तिथे टोप्या आणि झोळ्या विकतात. घासाघीस चालते. कोपऱ्यावर बर्फाचा गोळा मिळतो, इथे त्याला रास्पाओ म्हणतात, वर घट्ट दूध ओततात. घ्या एक. ला मेर्सेदच्या जुन्या मठात गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या अस्थी आहेत. १९४८ मध्ये तो इथल्या ‘एल युनिव्हर्साल’ या वर्तमानपत्रात बातमीदार म्हणून लागला होता, तेव्हा २१ वर्षांचा होता. गोळा हातात घेऊन आत सोडणार नाहीत, बाहेरूनच बघा.

रस्त्यात पिवळ्या-लाल-निळ्या झग्यातल्या बायका डोक्यावर फळांची टोपली घेऊन उभ्या असतात. फोटो काढलात तर पैसे द्यावे लागतात, आणि द्यावेतच. या सान बासिलियो दे पालेंकेच्या. पळालेल्या गुलामांनी वसवलेलं ते गाव इथून ५० किलोमीटरवर आहे, आणि बियोहोला तिथे आपला मूळ पुरुष मानतात. तिथे एक भाषा अजून बोलली जाते, वरून स्पॅनिश, आतून कोंगोच्या काठची. २००५ मध्ये युनेस्कोने त्या गावाची संस्कृती मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली. टोपलीत पपई, अननस, केळी, आंबे. यातली पपई आणि अननस इकडून आपल्याकडे आले आणि आंबा आपल्याकडून इकडे, पण टोपलीत सगळे एकमेकांना खेटून बसलेत.

शेवटी तुम्ही पुन्हा त्याच चौकात येता. काठी जिथे उभी होती त्याच्या एका अंगाला आता पोर्ताल दे लोस दुल्सेस आहे, मिठाईची ओसरी. कमानींखाली टेबलं, टेबलांवर काचेच्या बरण्या, बरण्यांमागे बायका. तुम्ही बरण्या बघता आणि हसू येतं. ही ओल्या नारळाची वडी, कोकादा. हा लाडू आलेग्रिया, म्हणजे आनंद; बारीक धान्य फुलवून गूळ-खोबऱ्यात वळलेला, थोडी बडीशेप, थेट राजगिऱ्याच्या लाडवाचा चुलतभाऊ. आणि तिसऱ्या बरणीत, साखरेत घोळलेल्या, चिंचेच्या गोळ्या. शाळेबाहेर खाल्लेल्या.

चिंचेच्या चार द्या, तुम्ही बोटांनी सांगता. बाई कागदात बांधते. कुठले तुम्ही? तुम्ही सांगता, ला इंदिया. या वेळी तिला बरोबर कळतं, ती म्हणते, लांबून आलात. तुम्हाला राहवत नाही. मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगता की ‘तामारिंदो’ हे नावच आमचं आहे. अरब म्हणत, तमर हिंदी, हिंदचा खजूर.

ती मान हलवते. गोळी तोंडात टाकून तुम्ही आंबट तोंड करता तेव्हा तुम्हाला आठवतं की चिंचेचं झाड मूळचं आफ्रिकेतलं. आपल्याकडे ते फार पूर्वी आलं, रुजलं, आणि अरबांनी ते आपलंच धरलं.

‘ही इथलीच,’ बाई सांगते, ‘आमच्या गावात दारोदार आहे,’ आणि सुटे परत देते.